त्रेसष्ट नग, एकदाही न वापरलेले

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. वरणगावच्या फॅक्टरीत बत्तीस वर्षं स्टोअर सांभाळलं, एक वॉशर इकडचा तिकडे झाला नाही. रिटायर होऊन जळगावला आलो, नोंदी बंद पडल्या आणि तिथूनच घराची घडी बिघडली, असं माझं मत आहे.
मुद्दा: मागची खोली. दिपमालाच्या लग्नात आपण दिलेलं आंदण बावीस जानेवारीला धुळ्याहून परत आलं. जावयाचं सुरतेत आधीपासून दुसरं घर होतं, हे कळायला आम्हाला पावणेदोन वर्षं लागली. पंचांसमोर यादी झाली, सह्या झाल्या, फारकत झाली. टेम्पोत मागे सामान आणि पुढे ड्रायव्हरशेजारी दिपमाला. सामान मी यादीप्रमाणे मोजून उतरवून घेतलं. काहीही कमी नव्हतं.
आता पोरगी त्याच खोलीत, कपाट आणि खोक्यांच्या मधल्या बोळात झोपते. सामान दिसतं म्हणून तिला जुनं आठवतं. सामान गेलं की आठवण गेली. सगळं ऑनलाइन विकायचं ठरवलं आहे. एकही रिजेक्शन येऊ द्यायचं नाही.
सुनंदाबाईंना (म्हणजे हिला) सांगितलं. ती मेथी निवडत राहिली. दिपमालाला विचारलेलं नाही. उगाच तिला त्रास नको.

११ फेब्रुवारी
फोटो काढले. तीन तास. पितळी हंड्याच्या फोटोत माझं बनियन दिसतं आहे हे अ‍ॅपवर टाकल्यानंतर लक्षात आलं. लगेच एका गृहस्थांचा मेसेज, बनियनसहित किती? उत्तर दिलं नाही. कस्टमरशी जपून वागावं पण लाडावू नये.
प्रत्येक भांड्यावर नाव टाकलेलं आहे. चि. दिपमालास लग्नाची भेट, निंबा मामा, चोपडा. चि. दिपमालास, आत्याकडून. असं बठ्ठ्यांवर. फोटोत नावाची बाजू भिंतीकडे केली. हे लपवणं नव्हे, मांडणी.
जाहिरात: त्रेसष्ट नग, एकदाही न वापरलेले. हे शंभर टक्के खरं आहे. सासूने ती माळ्यावरून खालीच काढली नाहीत.

१४ फेब्रुवारी. दुपारी.
गॅस शेगडी दीपनगरला गेली. मिक्सर काल भुसावळच्या एका बाईंनी नेला आणि संध्याकाळी पहिली तक्रार: झाकण नीट बसत नाही. मी शांतपणे हाताळलं. वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. आपल्या घरच्या मिक्सरचं झाकण त्यांना देऊन टाकलं. बाई खूश.
आज आपल्याकडे चटणी छतापर्यंत गेली. हिने शिडी आणली. दिपमाला मात्र हसली. चक्क मोठ्याने. जानेवारीपासून पहिल्यांदा. याचा अर्थ माझी योजना लागू पडते आहे.
शेजारच्या बेबाबाईंनी भिंतीवरून विचारलं, कोण हसलं हो नाना? मी टीव्ही म्हणून सांगितलं. दिपमाला इथे आहे हे गल्लीत कोणाला कळलेलं नाही आणि वातावरण निवळेपर्यंत कळू द्यायचं नाही. तिला पुढच्या ओट्यावर येऊ नको म्हणून सांगून ठेवलं आहे. ती ऐकते. गुणी आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार
मोठा दिवस. त्रेसष्टच्या त्रेसष्ट नग एका झटक्यात गेले. धुळ्याकडचे एक हिलाल आबा, शेतकरी माणूस, नातीचं लग्न अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला आहे. पिकअप घेऊन एकटेच आले होते. चष्मा घरी विसरलेले. मी त्यांना चहा दिला आणि माल भरायची घाई केली.
दिपमाला खिडकीतून बघत होती. नंतर येऊन म्हणाली, पप्पा, मसाल्याचा डबा ठेवला असता एक. आजीने दिलेला होता. मी म्हटलं, सेट फोडता येत नाही बेटा. नियमच आहे तसा. ती बरं म्हणाली आणि आत गेली.
खोलीत आता चालायला जागा झाली. मला वाटलं होतं ती त्या जागेत येऊन उभी तरी राहील. ती पूर्वीच्याच कोपऱ्यात पडली होती.

२४ फेब्रुवारी
हिलाल आबांचा फोन. भांड्यांवर नाव आहे म्हणे. मी म्हटलं, आबा, माल तुम्ही स्वतः मोजून नेला. स्टोअरमधून माल एकदा सही होऊन गेला की परत येत नाही. ते म्हणाले, मी मोजलं, वाचलं कुठे? घरात बायकांनी वाचलं. आता सगळ्या मला वेड्यात काढत्यात.
त्यांना दोन दिवस मागितले. अशा वेळी कस्टमरकडे वेळ मागायचा असतो.

२५ फेब्रुवारी
जहांगीरभाईंकडे गेलो. भांडीबाजारात नावं टाकतात. ही सगळी नावं त्यांनीच टाकली होती, मे २०२३ मध्ये, दोन दिवस बसून. विचारलं, नाव काढता येईल का? म्हणाले, घासून काढावं लागेल, पत्रा पातळ होईल, तरी उन्हात धरलं की दिसणारच. मग त्यांनी विचारलं, बेटी कशी आहे? फार हसरी होती, मी नाव टाकत होतो तर माझ्याच मशिनने स्वतःचं नाव टाकायला बसली. एका वाटीवर वाकडंतिकडं तिनेच टाकलं आहे.
मी म्हटलं, मजेत आहे.
ती वाटी कोणती, हे मला माहीत नव्हतं. आता ती धुळ्याला आहे.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र. दुपारी १२.
वाद मिटला! अवघ्या चार मिनिटांत. नोंद सविस्तर करतो कारण पुढे उपयोगी पडेल.
फोनवर आबांच्या पत्नी होत्या, ताईबाई. बोलणं ठाम पण गोड. त्यांचं म्हणणं असं की नावाचं काही नाही, खाली नातीचं नाव टाकून घेऊ. पण एक सांगा भाऊ, ती पोरनं काय व्हयनं? माघारी उनी शे का? माघारी आलेल्या पोरीची भांडी मी नातीच्या संसारात देणार नाही. बठ्ठी परत आणून टाकीन. अहेव, सवाष्णपणी गेली असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिचं वाण तर लोक मागून नेतात. कुकूसंगे गयी का ती?
मी घसा खाकरला.
त्या म्हणाल्या, अरे देवा. अरे माय. रडू नका भाऊ.
मी रडत नव्हतो, उपवासाच्या साबुदाण्याचा ठसका लागला होता. पण फोन ठेवताना त्यांनी पुन्हा विचारलं, कुंकवासकट ना? आणि मी हो म्हणालो. कुंकू लावूनच ती सासरहून निघाली होती, त्यामुळे हे उत्तर चूक म्हणता येत नाही. मेली हा शब्द मी उच्चारलेला नाही. त्यांनी त्यांच्या परीने समजून घेतलं.
माल स्वीकारला. तक्रार बंद.

३ मार्च
ताईबाईंचा फोन. पोरीची तिथी कोणती? तिच्या नावाने एक पान वाढू म्हणतात, तिची भांडी घरात आली आहेत ना. पंचांग काढावं लागलं. पौष वद्य नवमी सांगितली. ती टेम्पोतून उतरली तो दिवस.
एवढं अगत्य हल्ली कोण दाखवतं? माणसं चांगली आहेत. म्हणूनच खरं सांगून त्यांना आता दुखवायचं नाही.

१६ मार्च, रविवार
मागणी वाढली आहे. ताईबाईंनी भाऊबंदकीत सांगितलं, आणि तिकडून आणखी दोघींचे फोन आले, त्या अहेव पोरीचं आणखी काही आहे का? देव्हारा गेला. पाट गेले. लग्नातला शालू एका बाईंनी कपाळाला लावून नेला, भाव न करता. एकाही वस्तूची तक्रार नाही.
निरीक्षण: सुरुवातीला याच वस्तू महिनाभर पडून होत्या. माघारी आलेल्या मुलीच्या वस्तू कोणी घेत नाही. गेलेल्या मुलीच्या घेतात. बाजार कसा चालतो ते आपल्याला कळलं.
हे वाक्य लिहून झाल्यावर पेन खाली ठेवलं. बराच वेळ उचलावंसं वाटलं नाही. बहुतेक ऊन लागलं असावं.

२९ मार्च
खोली रिकामी. फक्त दिपमाला आहे.
ती आज म्हणाली, पप्पा, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यांना फार्मासिस्ट हवा आहे. माझं डी.फार्म. आहे. जाऊ का? मी म्हटलं, इतक्यात नको, लोक काय काय विचारतील. ती म्हणाली, विचारू देत ना, मी सांगेन. मी म्हटलं, तू काय सांगशील? ती म्हणाली, जे झालं ते.
मी म्हटलं, पाडवा होऊ दे, उन्हाळा जाऊ दे. थोडं निवळलं की मीच तुला घेऊन जाईन. तिने ऐकून घेतलं. फार समजूतदार आहे, म्हणूनच तिच्या बाबतीत मला घाई करावीशी वाटत नाही.

२० एप्रिल, रविवार. संध्याकाळ.
जमेल तसं लिहितो.
सकाळी भाजीबाजारात गेलो होतो. परत आलो तर दारात अनोळखी चपला. आत हिलाल आबा आणि ताईबाई. नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले होते. आणि आमच्या दारी बसायला. ताईबाई म्हणत होत्या, पोर गेली आणि आम्ही तिची भांडी नेली, पण दारावर आलो नाही, हे मनाला लागून राहिलं. लगीन काढण्याआधी एकदा बसून जाऊ. हिच्यासाठी लुगडं आणलं होतं. हिच्या गळ्यात पडून त्या रडत होत्या. ही दगडासारखी बसलेली.
दार दिपमालाने उघडलं होतं.
पाणी तिने दिलं. चहा तिने केला. ताईबाईंनी तिला विचारलं म्हणे, बेटा, तू दिपमालानी कोन? आणि ती म्हणाली, धाकटी बहीण. नाव विचारलं तर किरण सांगितलं.
मी उंबऱ्यातच उभा होतो, दोन्ही हातांत पिशव्या. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. ताईबाई तिला म्हणाल्या, बहिणीचं काहीतरी सांग ना, आमच्याकडे तिची भांडी आहेत पण ती कशी होती ते आम्हाला माहीत नाही. आणि दिपमाला सांगायला लागली. म्हणे, ताई मोठ्याने हसायची, पप्पांना ते आवडायचं नाही. भरीत फार तिखट करायची. तिला स्वतःचं मेडिकल टाकायचं होतं, चोपड्याला मामांच्या गावी, पाटीचा रंगसुद्धा ठरवला होता, हिरवा. लग्नाला ती आधी नाही म्हणाली होती. दोनदा म्हणाली होती. मग पप्पांचा बीपी वाढला म्हणून हो म्हणाली. सासरी पहिल्या दिवाळीलाच तिला सगळं कळलं होतं. तिने इकडे फोन केला, पप्पा म्हणाले, थोडं धर, निवळेल. मग तिने धरलं.
तो फोन मला आठवत नव्हता. आता आठवतो.
ताईबाईंनी तिला जवळ घेतलं. म्हणाल्या, अशी पोर कुठे मिळते. जाताना पत्रिकेवर तिचं नाव लिहवून घेतलं आणि किरण, तू येजो बरं का लग्नाला, म्हणून बजावून गेल्या.
ते गेल्यावर मी म्हटलं, शाब्बास बेटा, काय प्रसंगावधान! माझ्यावर गेलीस.
ती कपबशा विसळत होती. म्हणाली, तुम्हाला खोटं पडू द्यायचं नव्हतं पप्पा.

२१ एप्रिल
हिने सकाळी गॅस पेटवला नाही. ही म्हणते, मयत व्हयेल घरमा चूल पेटत नही. मी म्हटलं, असं अभद्र बोलू नकोस. ती म्हणाली, मी बोललेच नाही. तुम्ही बोललात.
बिस्किटं खाल्ली. संध्याकाळी दिपमालानेच गॅस पेटवून आमच्या दोघांसाठी खिचडी टाकली. ताटावर बसलो आणि तसाच उठलो.

२४ एप्रिल. सकाळी १०.
निर्णय: ताईबाईंना फोन करून सरळ खरं सांगायचं. भांडी परत आली तर आली. वाक्य लिहून काढलं: ताईबाई, माझी मुलगी दिपमाला जिवंत आहे, फारकत घेऊन माझ्या घरी आहे, आणि चूक सर्वस्वी माझी आहे. चार वेळा मोठ्याने म्हणून पाहिलं.
१०.४०: रिंग जाते आहे. लग्नघरात गडबड असणार. कापला.
दुपारी ४: आता झोपले असतील.
संध्याकाळी ७: हे फोनवर सांगायचं नसतंच. समोरासमोर सांगायचं असतं. लग्नाला जाऊन, सगळ्यांसमोर. हे जास्त चांगलं आहे.

२७ एप्रिल
दिपमालाने सांगितलं, नाशिकला एका मेडिकलमध्ये नोकरी लागली. फोनवरच इंटरव्ह्यू झाला. मैत्रिणीच्या खोलीवर राहणार. एक तारखेच्या सकाळच्या गाडीने निघणार.
मी समजावलं. तीसला मी धुळ्याला जाऊन सगळं मिटवून येतो आहे. चारचौघांत सांगणार, दिपमाला माझी मुलगी आहे आणि घरी आहे. मग तू ओट्यावर बस, मेडिकलमध्ये जा, हवं ते कर. मग कशाला जायचं? ती म्हणाली, खरंच सांगाल? मी म्हटलं, शब्द.
म्हणाली, तुम्ही सांगून आलात तर मी राहीन.
तिने बॅग भरलेली आहे पण चेन लावलेली नाही. मी स्वतः पाहिलं.

३० एप्रिल, बुधवार, अखाजी. रात्री ८, घरी.
पहाटेच्या एस.टी.ने गेलो. कपडे इस्त्रीचे. एरंडोल, पारोळा, सगळीकडे माहेरी आलेल्या पोरी. झाडाझाडाला झोके. वाक्य रस्ताभर म्हणत होतो.
मांडवात पोचताच ताईबाई धावत आल्या. हात धरून घरात नेलं. लोकांना सांगत होत्या, हे दिपमालाचे वडील. बायका बाजूला सरून वाट देत होत्या. एका म्हातारीने माझ्या पायाला हात लावला. आता सांगू, असं मी दर पावलाला ठरवत होतो.
आतल्या खोलीत पितरांच्या घागरी मांडल्या होत्या. त्यांच्या सासऱ्यांची, दिरांची. आणि शेवटी एक छोटी, कोरी, लाल दोरा बांधलेली. वर आंबा, सांजोरी. ताईबाई म्हणाल्या, ही तिची. तिच्या भांड्यांत आमची नात जेवणार, मग तिची तहान आम्ही नको का भागवायला? तुम्ही बाप आहात. पाणी तुम्ही घाला भाऊ.
तांब्या माझ्या हातात दिला. तांब्यावर नाव होतं. चि. दिपमालास, पप्पांकडून.
मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ. वाक्याचे पहिले दोन शब्द बाहेर पडले. ताईबाई, माझी... त्यांना वाटलं माझा कंठ दाटला. त्यांनी माझ्या हाताखाली हात धरला आणि तांब्या कलंडला.
मी पाणी घातलं. माझ्या जित्या पोरीला मी पाणी घातलं.
मग जेवलो. पंगतीत बसवलं, पुरणपोळी आग्रहाने वाढली, आणि मी खाल्ली.
घरी आलो तेव्हा ती ओट्याच्या आतल्या पायरीवर बसून होती. विचारलं, सांगितलंत? मी म्हटलं, फार गर्दी होती बेटा. लग्नाचं घर, अखाजी. एक आठवडा दे. तिने मान हलवली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.
ती आत गेली आणि बॅगेची चेन लावल्याचा आवाज आला.

१ मे
गेली. ही स्टँडवर सोडायला गेली होती. मला म्हणाली, तुम्ही येऊ नका पप्पा, कोणी भेटलं तर विचारतील. मला वाचवायलाच म्हणाली ते.
मी ओट्यावर उभा राहून हात केला. रस्त्यावर कोणी नव्हतं.

२ मे. सकाळी ९.
रात्रभर विचार करून उठलो. धुळ्याला नाही जमलं, पण इथून सुरुवात करू. गल्लीपासून. आंघोळ करून बेबाबाईंच्या दारी गेलो. त्यांच्या कडुनिंबाला अजून अखाजीचा झोका होता, माहेरी आलेल्या त्यांच्या दोन्ही मुली खाली बसून मेंदी काढत होत्या. मी उभा राहिलो आणि एका दमात सांगून टाकलं. माझी दिपमाला फारकत घेऊन आली आहे. जानेवारीतच आली. मीच तिला कोंडून ठेवलं. वाक्य पूर्ण केलं.
बेबाबाई म्हणाल्या, नाना, तब्येत बरी शे ना? अहो, टेम्पो आमच्याच दारासमोर उभा होता. तिला हाताला धरून खाली मीच उतरवलं, तुम्ही सामान मोजत होता. बठ्ठी गल्लीले माहीत शे. आम्ही वाट बघत होतो, पोर आपणहून बाहेर येईल तेव्हा येईल, आपण कशाला खोदून विचारा. या दोघी परवापासून झोक्यावर तिची जागा धरून बसल्या आहेत. अखाजी शे, पाठवा ना तिले.
धाकटीने मेंदीचा कोन खाली ठेवला आणि उठून उभी राहिली. म्हणाली, मीच बोलावून आणते, आहे ना ती घरात?
मी म्हटलं, नाही. काल गेली.